एकट्याने मोहीम चालवायची आहे? खेरल्यापासून सुरुवात करा

कामठीत राहून मी टेबलावरची मध्ययुगीन युद्धे खेळतो, असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "पण समोर कोण बसते?" कोणी बसत नाही. आपल्या गावात बुद्धिबळाला जोडीदार मिळतो, कॅरमला चार जण जमतात. पण इंचभर उंचीचे तिरंदाज रंगवून त्यांची मोहीम महिनोन्‌महिने चालवायला दुसरा माणूस मिळणे अवघड. म्हणून वाचक विचारतात, दोन्ही बाजू मीच खेळलो तर जिंकले कोण, हरले कोण? सैनिक कुठून आणायचे? नियम कोणते घ्यायचे? आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न : मोहीम सुरू होते, पण तिसऱ्या लढाईआधीच बंद का पडते?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. एकट्याची मोहीम जोडीदाराअभावी मरत नाही, ती आकाराने मरते. माझ्या पहिल्या मोहिमेच्या नकाशावर चाळीस ठिकाणे होती आणि दोनशे सैनिक रंगवायचे ठरले होते. त्यातले साठ रंगले आणि दोन लढाया झाल्या. आज तो नकाशा कपाटात गुंडाळून पडलेला आहे. त्यानंतरच्या प्रत्येक मोहिमेत मी नऊ ठिकाणे आणि प्रत्येक बाजूला सहा तुकड्या एवढेच ठेवले, आणि त्या सगळ्या शेवटापर्यंत गेल्या.

कोणते युद्ध निवडाल?

नवखे खेळाडू इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धाकडे वळतात, कारण बाजारातले बहुतेक सैनिक आणि पुस्तके त्याचीच असतात. तसे खेळायला हरकत नाही. पण त्याच काळात आपल्या उंबरठ्यावर एक मोहीम घडून गेली आहे आणि ती एकट्याच्या खेळाला फार चांगली बसते.

१३९८-९९ मध्ये खेरल्याचा राजा नरसिंहराय वऱ्हाडात उतरला आणि थेट माहूरपर्यंत गेला. खेरल्याचा किल्ला आज मध्य प्रदेशात बैतूलजवळ आहे. गुलबर्ग्याच्या गादीवर तेव्हा फिरोजशहा बहमनी होता. त्याने आपला भाऊ अहमदखान आणि मीर फजलुल्ला इंजू यांना खेरल्यावर पाठवले. इतिहासकार फरिश्त्याने या लढाईचे जे वर्णन केले आहे ते प्रत्येक वॉरगेम खेळणाऱ्याने वाचावे. लढाईत बहमनी सरदार पडले, अहमदखान मारला गेल्याची आवई उठली, फळी मोडायला लागली. तेव्हा फजलुल्लाने नगारे वाजवायला लावले आणि खुद्द सुलतान कुमकेला येत असल्याची बातमी फिरवली. ती बातमी खरी नव्हती, पण सैन्य थांबले, उलटून लढले, नरसिंहरायाचा मुलगा कैद झाला. मग खेरल्याला सुमारे दोन महिने वेढा पडला आणि अखेर नरसिंहराय शरण आला. हत्ती आणि खंडणी देऊन त्याने आपले राज्य राखले.

यात मोकळ्या मैदानातली लढाई आहे, अफवा आहे, वेढा आहे, तह आहे, म्हणजे एका हंगामाची पुरी मोहीम आहे. पुढे माळव्याचा होशंगशहा खेरल्यावर चालून आला तेव्हा याच नरसिंहरायाने बहमनी अहमदशहाकडे मदत मागितली, म्हणजे वेढा घालणाऱ्या त्याच अहमदखानाकडे. काल शत्रू असलेला आज पाठीराखा होतो, हे तुमच्या मोहिमेतही घडू द्या. ही लढाई धर्माच्या चष्म्यातून मांडाल तर इतिहासही चुकेल आणि खेळही सपाट होईल. दोन्ही बाजूंना सारख्याच मनाने रंगवा आणि सारख्याच मनाने खेळवा.

नकाशा आणि पंचांग

कागदावर नऊ ठिकाणे मांडा : माहूर, कळंब, पौनार, एलिचपूर, नरनाळा, मुलताई, खेरला, रामटेक आणि कन्हानचा उतार. कामठी त्या नकाशावर नाही, कारण आपली छावणी १८२१ मधली. पण नदी होती आणि ती ओलांडायला उतार लागतच असे. बिना संगमावर कन्हान, पेंच आणि कोलार एकत्र येतात. तिथे उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा उभे राहून पाहा, उताराचा नियम कसा करायचा ते आपोआप कळेल. गाविलगड मात्र १३९८ च्या नकाशावर टाकू नका. तो अहमदशहाने १४२५ च्या सुमारास बांधला. होशंगशहाची मोहीम खेळाल तेव्हा घ्या.

ठिकाणे रेघांनी जोडा. मैदानी वाट एकेरी रेघेने, सातपुड्याचा घाट दुहेरी रेघेने. काळ मोजायला पंधरवडा हे माप धरा. मैदानी रेघ ओलांडायला एक पंधरवडा, घाटाला दोन. बैलगाड्या आणि हत्ती घेऊन निघालेले सैन्य झपाझप चालत नाही, वाटेत मुक्काम, दाणागोटा, चारा सगळे येते.

दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मृगाआधी घरी, हे आपल्या मुलखातल्या मोहिमांचे जुने वेळापत्रक. आश्विन वद्यापासून वैशाख वद्यापर्यंत पंधरा पंधरवडे होतात. तुमच्या मोहिमेच्या चाली पंधराच, त्यापुढे पाऊस. एवढ्या एका बंधनाने मोहिमेला आपोआप शेवट मिळतो, आणि वेढा घालणाऱ्याच्या मनात तीच घाई येते जी खऱ्या सरदाराच्या मनात असे.

समोरचा माणूस कसा उभा करायचा

हा या लेखाचा गाभा आहे. दोन्ही बाजूंनी "आता मी काय करीन?" असे स्वतःला विचारत खेळाल तर दोन लढायांत कंटाळाल, आणि नकळत एका बाजूला झुकते माप द्याल. उपाय एकच : शत्रूचे निर्णय तुमच्या हातातून काढून घ्या. ते कसे, ते पाहू.

आधी बाजू ठरवा. पहिल्या मोहिमेत चढाई करणारी बाजू स्वतः घ्या. बचाव करणारा दबा धरून बसतो, वाट पाहतो, त्याची कामे फाशांवर सोपवणे सोपे असते. म्हणजे तुम्ही अहमदखान, आणि नरसिंहराय फाशांच्या स्वाधीन.

मग चिठ्ठ्या करा. नरसिंहरायाचे तीन बेत तीन चिठ्ठ्यांवर लिहा : घाटाच्या तोंडाशी अडवणे, मोकळ्या मैदानात भिडणे, किल्ल्यात शिरून वाट पाहणे. घड्या घालून एक पाकिटात ठेवा, बाकीच्या बाजूला करा. त्याच्या मुलखात तुमचे पहिले पाऊल पडेपर्यंत पाकीट उघडायचे नाही. ज्यांना हे फार साधे वाटते त्यांनी एकदा करून पाहावे. मुलताईला पोहोचल्यावर पाकीट उघडताना हात थबकतो, एवढे मी खात्रीने सांगतो.

टेबलावर शत्रूच्या तुकड्या सुरुवातीला दाखवू नका. पुठ्ठ्याचे सहा चौकोन करा, तीन चौकोनांच्या मागे तुकडीचे नाव लिहा, तीन कोरे ठेवा, पिसून पालथे मांडा. तुमची तुकडी बारा इंचांवर आली की चौकोन उलटायचा. उरलेल्या तीन तुकड्या लढाईच्या तिसऱ्या फेरीपासून येऊ शकतात : दर फेरीला फासा टाका, पाच किंवा सहा पडले तर एक तुकडी टेबलाच्या मागच्या कडेवर येते.

शत्रूची तुकडी हलवायची वेळ आली की क्रमाने तीन प्रश्न विचारा :

- ती झोडपली जाते आहे का? असेल तर आडोशाकडे.
- सहा इंचांत आपल्यापेक्षा दुबळा शत्रू आहे का? असेल तर त्याच्यावर.
- दोन्ही नाही? मग पाकिटातल्या बेताप्रमाणे.

उत्तर दोन बाजूंनी देता येईल असे वाटले तर फासा : एक-दोन म्हणजे नाही, तीन-चार म्हणजे थांबा आणि पुढच्या फेरीला पुन्हा विचारा, पाच-सहा म्हणजे होय. प्रश्न आधी लिहा, फासा नंतर टाका. उलट कराल तर आवडते उत्तर मिळेपर्यंत प्रश्न बदलत राहाल. एकट्याच्या खेळात पंच नसतो, म्हणून ही शिस्त तुमची तुम्हालाच पाळावी लागेल.

आपल्या सेनेचे निर्णय मात्र सगळे तुमचे. तिथे फासा फक्त नशिबापुरता.

नियमावली : विकत घ्यावी की घरची?

विकतच्या इंग्रजी नियमावल्यांपैकी तीन एकट्याला सोयीच्या आहेत. फिल बार्कर आणि सहकाऱ्यांची "डी बेलिस अँटिक्विटॅटिस" १९९० पासून चालत आली आहे, तिच्यात एका सेनेला बारा तुकड्या पुरतात आणि दर फेरीला किती तुकड्या हलतील ते फासा ठरवतो. भाषा मात्र घट्ट आहे, सुरुवातीला डोके दुखते. डॅनियल मर्सी यांच्या "लायन रॅम्पंट" मध्ये प्रत्येक तुकडी हुकूम ऐकते का ते फाशावर पाहावे लागते आणि न ऐकल्यास तुमची पाळी संपते, त्यामुळे एकटे खेळतानाही पुढे काय होईल ते कळत नाही. नील थॉमस यांचे "वन-आवर वॉरगेम्स" सर्वांत सोपे : तीन फूट चौरस जागा, प्रत्येक बाजूला सहा तुकड्या, आणि मांडणीसाठी तीस प्रसंग तयार. शेवटची दोन्ही पुस्तके २०१४ ची. एकच घ्यायचे असेल तर थॉमस घ्या.

काहीच विकत घ्यायचे नसेल तर घरची ही एका पानाची नियमावली चालते :

- प्रत्येक तुकडीजवळ सहा चिंचोके. मार बसला की चिंचोके काढा, संपले की तुकडी उचला.
- पत्त्यांतून सहा लाल, सहा काळी पाने आणि एक जोकर घ्या. लाल पान आले तर तुमची न हललेली एक तुकडी हलते, काळे आले तर शत्रूची. जोकर आला की फेरी तिथेच संपते, पाने पुन्हा पिसा.
- पायदळ आणि तिरंदाज सहा इंच, हत्ती आठ, घोडदळ बारा. चिखल, झाडी आणि उतारात निम्मे.
- तिरंदाज बारा इंचांपर्यंत मारतात : पाच-सहा पडले तर एक चिंचोका कमी.
- भिडल्यावर दोन्ही बाजूंनी फासा. फरक जितका, तितके चिंचोके हरणाऱ्याचे जातात. घोडदळाला मोकळ्यावर एक जास्त, पायदळाला झाडीत आणि उंचावर एक जास्त, हत्तीला घोड्यांविरुद्ध दोन जास्त.
- हत्तीचे तीन चिंचोके उरले की तो बिथरू शकतो. फासा टाका, एक-दोन पडले तर दुसऱ्या फाशाने दिशा ठरवा आणि आठ इंच पळवा. वाटेत आलेला आपला असो की परका, भिडावेच लागते.
- सेनापतीची तुकडी पडली की त्या बाजूच्या प्रत्येक तुकडीसाठी फासा : एक-दोन आल्यास ती मागे पळते. एकदाच, मोहिमेत फक्त एकदाच, "नगारा" वाजवून हे फासे पुन्हा टाकता येतात.

हा शेवटचा नियम फजलुल्लाच्या नगाऱ्यावरून घेतला आहे. कधी वाजवायचा याचा विचार करताना तुम्ही त्या माणसाच्या किती जवळ जाता ते पाहा.

सेनांची विभागणी मी खेळाच्या सोयीसाठी अशी करतो : बहमनी बाजूला तीन घोडदळ, एक तिरंदाज, एक पायदळ, एक हत्ती, खेरल्याकडे दोन पायदळ, दोन तिरंदाज, एक घोडदळ, एक हत्ती. लढाईत गेलेल्या प्रत्येक तुकडीसाठी नंतर फासा टाका. चार किंवा जास्त पडले तर ती एका पंधरवड्याने परत येते, नाहीतर मोहिमेपुरती संपली.

वेढा टेबलावर खेळू नका, तिथेच अनेकांच्या मोहिमा अडकतात. वाटीत गव्हाचे पाच दाणे ठेवा. दर पंधरवड्याला एक दाणा काढा आणि फासा टाका. एक पडला तर वेढेकऱ्यांच्या छावणीत रोगराई, एक तुकडी घरी जाते. सहा पडला तर किल्ल्यातून वकील येतो. वाटी रिकामी झाली की किल्ला पडला. हे सगळे दहा मिनिटांत होते, आणि दाणे कमी होताना डोळ्यांना दिसतात.

सैनिक कुठून आणायचे

दिवाळीत किल्ला केलेल्या कोणालाही हे काम नवीन नाही. फरक इतकाच की इथे सगळ्यांची उंची सारखी हवी. बाजारात ६, १०, १५ आणि २८ मिलिमीटर अशी मापे मिळतात, शिवाय १:७२ चे प्लास्टिकचे सैनिक. एक माप ठरवा आणि मोहीम संपेपर्यंत बदलू नका. दोन फुटांच्या पाटावर खेळणार असाल तर १५ पुरे. तान्ह्या पोळ्याचे लहान लाकडी बैल गाड्यांना जुंपावे असे अनेकांच्या मनात येते, माझ्याही आले होते. पण सर्वांत लहान नंदीदेखील १५ मिलिमीटरच्या सैनिकाशेजारी हत्तीएवढा दिसतो.

पहिल्या मोहिमेला कागदी सैनिक करा. जाड कागदावर छापून किंवा स्वतः काढून, मधे दुमडून, फेविकॉलने पुठ्ठ्याच्या तळावर उभे करायचे. दोन्ही सेना, पाने, फासे, सनबोर्डाचा पाट, सगळे हजाराच्या आत बसते. खेळ आवडला तर मग धातू किंवा प्लास्टिककडे जा. पोशाख आणि शस्त्रे पाहायला नागपूरचा अजब बंगला जवळच आहे. १८६३ पासूनचे हे संग्रहालय, तिथल्या शस्त्रांसमोर वही घेऊन तासभर उभे राहा. मात्र प्रत्येक वस्तूवरचा काळ वाचा, मराठा काळातली तलवार १३९८ च्या हातात देऊ नका.

आपल्या हवामानाबद्दल दोन गोष्टी, कारण परदेशी पुस्तकांत त्या सापडणार नाहीत. नवतपात ॲक्रिलिक रंग डबीतून कुंचल्यावर येईपर्यंत घट्ट होतो. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, असे ठेवा. तासभर ओला राहतो. दुसरे, कुलरच्या झोतात कागदी सेना मांडू नका. वाऱ्याने पडते ते दिसते, पण ओलाव्याने पुठ्ठ्याचे तळ आणि पाट वाकतात ते आठवड्याने कळते. सामान लोखंडी पेटीत, पाट पलंगाखाली आडवा.

जमीन करायला मुरूम, लाकडाचा रंगवलेला भुसा आणि रांगोळी पुरते. फौजेत किंवा एनसीसीत राहिलेले कोणी तुमच्या गल्लीत असेल, आणि कामठीत ते असतेच, तर सँड मॉडेल कसे करतात ते त्यांना विचारा. टेकडी, नाला, वाट वाळू आणि रंगांत कशी दाखवायची हे त्यांच्याइतके नीट दुसरे कोणी शिकवणार नाही.

मागवताना तुमचे हक्क आणि धोके

परदेशातून सैनिक मागवणाऱ्यांची सर्वाधिक निराशा टपालात होते. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर नेण्यात आले, शिवाय चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. मूर्ती प्रौढांच्या छंदासाठी आहेत हे पार्सलवर स्पष्ट नसेल तर ते अडकू शकते. मागवण्याआधी त्या दिवशीचा दर तपासा आणि शुल्क कोण भरणार ते विक्रेत्याकडून लेखी घ्या.

देशातल्या संकेतस्थळावरून घेताना :

- उत्पादनाचा देश, परत घेण्याच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव दिसले पाहिजे, हा नियम आहे.
- तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे.
- खोके उघडताना चित्रफीत काढा. मोडलेले भाले नंतर सिद्ध करता येत नाहीत.
- दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर बोला. पुढे जायचे झाल्यास ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नागपूरला, तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

थ्रीडी छपाईची फाइल विकत घेतली म्हणजे छापून विकण्याचा हक्क मिळाला असे नाही. बहुतेक परवाने फक्त स्वतःच्या वापरापुरते असतात. रेझिनचे छपाईयंत्र घेणार असाल तर ते हवेशीर छपरीत, हातमोजे घालूनच वापरा, निजायच्या खोलीत कधीच नाही. आणि घरात लहान मूल असेल तर धातूचे सैनिक त्याच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

बखर लिहा

दर पंधरवड्याला वहीत चार ओळी : कोण कुठे होते, फासा काय पडला, कोणती तुकडी उभी राहिली, कोणती पळाली. तुकड्यांना नावे द्या. दोन वेळा पळालेले एलिचपूरचे घोडदळ तिसऱ्या लढाईत टिकून राहते तेव्हा ते नुसते सहा चिंचोके राहत नाहीत. दोन आठवडे कामाच्या गडबडीत खेळ थांबला तरी वही उघडली की मोहीम जिथे होती तिथून पुढे चालते. मोहीम जिवंत ठेवणारी याहून चांगली युक्ती मला सापडलेली नाही. वहीत फासे खरे लिहा, स्वतःचा पराभवही खरा लिहा.

दसऱ्याला अजून वेळ असेल तर थांबू नका. आज रात्री नऊ ठिकाणांचा नकाशा काढा, बारा तुकड्या साध्या कागदाच्या कापा, तीन चिठ्ठ्या लिहा आणि पहिली लढाई खेळा. रंगकाम त्यानंतर.